सिंहगड, राजगड, तोरणा : घरच्या सिम्युलेटरमधील एक सावकाश उड्डाण

घरच्या संगणकावर विमान चालवण्याची हौस असलेले बरेच जण पहिल्याच संध्याकाळी एखादे मोठे प्रवासी जेट निवडतात, पुण्याहून दिल्लीकडे निघतात, पस्तीस हजार फुटांवर पोहोचल्यावर विमान ऑटोपायलटच्या स्वाधीन करतात आणि पुढचा दीड तास निळ्या-पांढऱ्या पोकळीकडे पाहत बसतात. अशा चार उड्डाणांनंतर कंटाळा येतो आणि खापर सिम्युलेटरवर फुटते. खरे तर निवडच चुकलेली असते. विरंगुळ्यासाठी उडायचे असेल तर विमान लहान हवे, उंची कमी हवी, वेग बेताचा हवा, आणि खालचा मुलूख, निदान सुरुवातीचे काही महिने, आपल्या पायाखालचा हवा. जी टेकडी आपण चढलो आहोत तीच टेकडी हजार फूट वरून ओळखू येते तेव्हा मिळणारा आनंद दुसऱ्या कोणत्याही दृश्यात नाही.

म्हणून या लेखात सर्वसाधारण सूचनांऐवजी एकच उड्डाण सविस्तर मांडले आहे. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून निघायचे, सिंहगड, राजगड आणि तोरणा पाहायचे, पानशेतवरून वळून खडकवासल्याच्या बाजूने परत लोहगावला उतरायचे. एकूण अंतर सुमारे ५६ सागरी मैल, म्हणजे १०४ किलोमीटर आहे; इंजिन सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत पाऊण तास ते पन्नास मिनिटे लागतात. लोहगाव हे मुळात हवाई दलाचे ठाणे आहे आणि नागरी विमाने त्याच्याच धावपट्टीचा वापर करतात. त्यामुळे रविवारी सकाळी तिथून एखादे छोटे विमान काढून राजगडाभोवती फिरून यावे, ही गोष्ट हौशी माणसाच्या प्रत्यक्ष आवाक्यातली नाही. सिम्युलेटरचे मोल आपल्याकडे अधिक आहे ते याच कारणाने.

साधने

आज प्रामुख्याने तीन सिम्युलेटर वापरले जातात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या सध्याच्या दोन आवृत्त्या अनुक्रमे ऑगस्ट २०२० आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आल्या. त्यांत जमिनीचे चित्र उपग्रह छायाचित्रांवर बेतलेले असून ते उड्डाण चालू असताना इंटरनेटवरून उतरत राहते. एक्स-प्लेनमध्ये विमानाच्या पंखाचे लहान लहान भाग कल्पून प्रत्येकावर हवेचा किती जोर येतो याचे गणित केले जाते, त्यामुळे विमानाची वागणूक विश्वसनीय वाटते, परंतु मूळ भूदृश्य मात्र ठोकळेबाज असते. फ्लाइटगिअर पूर्णपणे मोफत आहे आणि साध्या संगणकावरही चालते. त्याची मांडणी थोडी रुक्ष आहे, तरी डोंगरांचे उंचसखल आकार त्यातही येतात. ज्याला गड-किल्ले ओळखत उडायचे आहे त्याने पहिला पर्याय निवडावा असे माझे मत आहे, मात्र मोबाइलच्या डेटावर तो चालवू नये, कारण एका उड्डाणात पुष्कळ डेटा संपतो. त्यातच डेटाच्या वापरावर मर्यादा घालण्याची आणि आधी पाहिलेला भाग संगणकावर साठवून ठेवण्याची सोय असते. ती पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

कीबोर्डवर विमान उडते, पण त्यात गोडी नाही. एक साधी जॉयस्टिक पुरेशी आहे, फक्त तिचा दांडा उभ्या अक्षाभोवती पिळता येणारा असावा, म्हणजे रडरसाठी (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या उभ्या पट्टीसाठी) वेगळी पायपट्टी घ्यावी लागत नाही. तळाशी सरकणारी थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणारी, पट्टी आणि माथ्यावर चारही दिशांना ढकलता येणारे छोटे बटण असावे. हे माथ्यावरचे बटण लोक दुर्लक्षितात, परंतु मान वळवून डावीकडे-उजवीकडे पाहण्याचे काम तेच करते आणि आपण तर पाहण्यासाठीच निघालो आहोत. जॉयस्टिक जोडल्यावर तिची मध्याजवळची संवेदनक्षमता कमी करावी, नाहीतर हाताच्या किंचित हालचालीने विमानाचे नाक वरखाली डोलत राहते आणि नवशिक्याला वाटते की आपल्याला उडवताच येत नाही.

चित्राच्या गुणवत्तेच्या मागे फार लागू नये. दर सेकंदाला तीसच्या आसपास चित्रे सलग दिसत असतील तर एवढ्या सावकाश उड्डाणाला ती पुरतात. ढगांची आणि झाडांची घनता एक पायरी खाली आणली तरी डोंगराच्या आकारात फरक पडत नाही. भूरचनेची सूक्ष्मता मात्र शक्य तितकी वर ठेवावी, कारण सह्याद्रीचे कडे, सोंडा आणि माच्या त्यावरच अवलंबून असतात. संध्याकाळच्या संध्याकाळ सेटिंग बदलण्यात घालवणारे आणि एकदाही शांतपणे न उडालेले कितीतरी लोक मी पाहिले आहेत. नमनालाच घडाभर तेल घालू नये.

विमान

सेस्ना १७२ निवडावे. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून बनत आलेले हे चार आसनी विमान जगात सर्वाधिक संख्येने बनलेल्या विमानांपैकी एक असून तिन्ही सिम्युलेटरमध्ये मिळते. आपल्या दृष्टीने त्याचा मोठा गुण म्हणजे त्याचे पंख छताच्या पातळीवर आहेत. पंख खाली असलेल्या विमानात नेमका पाहायचा गड पंखाखाली झाकला जातो. सेस्नाच्या खिडकीतून सरळ खाली पाहता येते. याच रचनेची एक अडचणही लक्षात ठेवावी. डावीकडे वळताना डावा पंख खाली येतो आणि ज्या बाजूला आपण जाणार आहोत तीच बाजू झाकून टाकतो, म्हणून वळण्यापूर्वी तो पंख क्षणभर किंचित वर उचलून त्या दिशेला नजर टाकण्याची सवय लावावी.

आधी कागदावर

उड्डाणाचा निम्मा आनंद ते आखण्यात आहे, असे मी जबाबदारीने सांगतो. एक कोरा कागद घ्यावा आणि नकाशा पाहून त्यावर सहा ठिकाणे मांडावीत. लोहगावहून सिंहगड नैर्ऋत्येला, २१५ अंशांच्या आसपास, १६ सागरी मैलांवर आहे. सिंहगडावरून राजगड २१० अंशांवर साडेआठ मैल, राजगडावरून तोरणा ३०० अंशांवर अवघे चार मैल, तोरण्यावरून पानशेतचे धरण जवळजवळ सरळ उत्तरेला, ३५५ अंशांवर साडेसहा मैल, तिथून खडकवासला ७० अंशांवर साडेनऊ मैल, आणि खडकवासल्याहून लोहगाव ४५ अंशांवर बारा मैल. महाराष्ट्राच्या या भागात होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत एक अंशाचाही फरक पडत नाही, त्यामुळे नकाशावर मोजलेली दिशा तशीच होकायंत्रावर धरता येते. जगात सगळीकडे ही सवलत मिळत नाही.

आता प्रत्येक टप्प्यापुढे मिनिटे लिहावीत. शंभर नॉट म्हणजे तासाला शंभर सागरी मैल, म्हणजे सहा मिनिटांत दहा मैल. त्या हिशेबाने सिंहगड ते राजगड पाच मिनिटे, राजगड ते तोरणा अडीच, तोरणा ते पानशेत चार, पानशेत ते खडकवासला सहापेक्षा थोडी कमी आणि शेवटचा टप्पा सात मिनिटे होतो. पहिल्या टप्प्यात विमान चढत असल्याने वेग कमी असतो, म्हणून तिथे दहाऐवजी बारा मिनिटे धरावीत. येथे एक बारकावा आहे. उंचीवर हवा विरळ असल्यामुळे वेगदर्शकाचा काटा प्रत्यक्ष वेगापेक्षा कमी आकडा दाखवतो. दर हजार फुटांना साधारण दोन टक्के हा फरक वाढतो. साडेपाच हजार फुटांवर काटा नव्वदवर असला की विमान हवेतून प्रत्यक्षात शंभर नॉटने जात असते, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे.

उंचीचा हिशेबही कागदावर असावा. लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १९४० फुटांवर आहे. सिंहगडाची उंची १३१२ मीटर, म्हणजे ४३०० फूट. तोरणा १४०३ मीटर, म्हणजे ४६०० फूट, आणि राजगड त्याहून थोडासाच कमी. म्हणून साडेपाच हजार फुटांवर उडायचे ठरवले की सर्वांत उंच गडावरही नऊशे फुटांचे अंतर राहते, आणि माचीचा आकार डोळ्यांत भरेल इतके जवळूनही जाता येते. उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, खालच्या डोंगरापासूनची नव्हे. हे विसरल्यामुळे पहिल्या आठवड्यात बहुतेकांचे विमान सिंहगडाच्या उतारावर संपते. धडक झाल्यास उड्डाण थांबण्याची सोय काही जण बंद करून ठेवतात. ती चालू ठेवावी असे मला वाटते, कारण ती बंद असेल तर या सगळ्या आकड्यांना काही अर्थच उरत नाही.

वेळ आणि हवा

सकाळी साडेसात ही वेळ निवडावी. जाताना आपले तोंड नैर्ऋत्येकडे असते, म्हणजे उगवता सूर्य पाठीशी-डावीकडे राहतो आणि त्याचा तिरपा प्रकाश गडांच्या पूर्वेकडील कड्यांवर पडून घळी आणि धारा स्पष्ट उठून दिसतात. संध्याकाळी पाच वाजता हेच उड्डाण केले तर थेट सूर्याकडे तोंड करून जावे लागते आणि डोंगर काळ्या सावल्यांसारखे दिसतात. सिम्युलेटरचे घड्याळ ग्रिनिच वेळेनुसार असेल तर आपल्या साडेसातला तिथे पहाटेचे दोन वाजलेले असतात, हेही ध्यानात असू द्यावे.

महिना नोव्हेंबर घ्यावा. परंतु उपग्रह छायाचित्रांवर बेतलेल्या भूदृश्यात महिना बदलल्याने सूर्याची जागा बदलते, जमिनीचा रंग सहसा बदलत नाही. आषाढ लावला म्हणून मावळ हिरवे होत नाही. छायाचित्र ज्या ऋतूत घेतलेले असते तोच रंग बहुधा बारा महिने राहतो. प्रत्यक्षातली हवा सिम्युलेटरमध्ये आणण्याची सोय आहे आणि ती पुढे अवश्य वापरावी, पण जून ते सप्टेंबर या काळात घाटमाथ्यावर ढग इतके खाली टेकलेले असतात की गड दिसणे अशक्य होते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांसाठी हवा स्वतःच ठरवावी : विरळ ढग, लांबवरची दृश्यता आणि पश्चिमेकडून पाच-सात नॉट वारा. पश्चिमेचा वारा अशासाठी की विमान वाऱ्याकडे तोंड करून उडते आणि उतरते, आणि तसे केल्यास लोहगावची २८ क्रमांकाची धावपट्टी वापरता येते. या आकड्यापुढे शून्य लावले की धावपट्टीची दिशा मिळते : २८० अंश. तीच पट्टी उलट बाजूने १० क्रमांकाची होते.

उड्डाण

धावपट्टीवर आल्यावर घाई करू नये. उंचीमापकाचा काटा सुमारे १९४० फूट दाखवत आहे ना, दिशादर्शकावर २८० आहे ना, ट्रिम (दांडा धरून न ठेवता नाक हव्या त्या कोनात राखणारी चकती) उड्डाणाच्या खुणेवर आहे ना, एवढे पाहावे आणि मग थ्रॉटल तीन-चार सेकंदांत, सलगपणे पूर्ण पुढे न्यावा. विमान डावीकडे ओढ घेईल. पंखा फिरताना हवेचा झोत शेपटीभोवती पिळवटतो आणि शेपटीच्या एका बाजूला आपटतो, त्यामुळे हे होते. उजव्या रडरचा हलका दाब द्यावा म्हणजे विमान मधल्या रेषेवर राहते. वेग पंचावन्न नॉट झाला की दांडा हलकेच मागे घ्यावा. विमान स्वतःहून जमीन सोडते, त्याला उपटून काढावे लागत नाही. पंच्याहत्तर ते ऐंशी नॉट वेग धरून चढत राहावे आणि उंची तीन हजार फूट झाल्यावर डावीकडे वळून २१५ अंश धरावेत. डाव्या खिडकीतून पुणे शहर दिसू लागते. पर्वती शोधावी, सापडली की मुठेची रेघही सापडते.

आता या सगळ्या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना. विमान हाताने धरून ठेवू नये, ते ट्रिमने तोलावे. चढताना दांडा जितका मागे धरावा लागतो तितकी ट्रिमची चकती मागे फिरवावी, आणि हात काढून पाहावा. नाक खाली गेले तर आणखी थोडी फिरवावी, वर गेले तर परत घ्यावी. साडेपाच हजार फुटांवर पोहोचल्यावर नाक क्षितिजावर आणावे, वेग वाढू द्यावा, इंजिन मिनिटाला २२०० फेऱ्यांच्या आसपास आणावे, आणि मग पुन्हा ट्रिम करावी. क्रम हाच ठेवावा : आधी नाक, मग इंजिन, शेवटी ट्रिम. तोललेले विमान हात सोडला तरी आपली उंची राखते आणि डोळे उपकरणांवरून मोकळे होतात. ज्याला ट्रिम जमत नाही तो पन्नास मिनिटे काट्यांकडेच पाहत राहतो, आणि ज्याला जमते तो मावळ पाहतो. हे जमेपर्यंत गडांचा नाद सोडून नुसते सरळ आणि सपाट उडण्याचा सराव दोन संध्याकाळी केला तरी तो वेळ सत्कारणी लागतो.

याच उंचीवर लाल मुठीचा मिक्स्चर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचे आणि पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा दांडा, थोडा मागे घ्यावा. हवा विरळ झालेली असते आणि पेट्रोल मात्र जमिनीवरच्याच प्रमाणात जात असते. मूठ हळूहळू मागे ओढत गेल्यास इंजिनाचे फेरे आधी किंचित वाढतात आणि मग घटू लागतात. जिथे ते सर्वाधिक होतात तिथून केसभर पुढे ती ठेवावी.

समोर सिंहगड येतो. त्यावरचा दूरदर्शनचा मनोरा सिम्युलेटरमध्ये दिसेलच असे नाही, तटबंदी आणि बुरूजही बहुधा छायाचित्रातल्या रंगरेषांपुरतेच असतात, परंतु डोंगराचा आकार खरा असतो आणि ओळख पटायला तो पुरतो. उजव्या हाताला खडकवासल्याचा जलाशय चकाकतो. कागदावर लिहिलेली बारा मिनिटे आणि घड्याळ यांत एखाद्या मिनिटाचा फरक पडला तर तो का पडला याचा विचार करावा. बहुधा वारा हेच उत्तर असते. आडव्या बाजूने दहा नॉट वारा असेल तर शंभर नॉटने जाणारे विमान सुमारे सहा अंश वाहवते, म्हणून तितके अंश वाऱ्याकडे नाक ठेवून उडावे लागते.

सिंहगड ओलांडल्यावर पाच मिनिटांत राजगड येतो, आणि येथे थोडे थांबावे. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या बालेकिल्ल्यापासून तीन दिशांना पसरलेल्या आहेत. हे आपण पुस्तकात वाचलेले असते, पायी फिरताना तुकड्यातुकड्यांनी पाहिलेलेही असते, पण तिन्ही माच्यांची एकत्र आकृती वरूनच कळते. गड डाव्या हाताला ठेवून, पंख केवळ दहा अंश कलवून एक फेरी घ्यावी. देवळात प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो. विमानात मात्र चालकाची जागा डावीकडे असल्यामुळे उलटी फेरी घ्यावी लागते. शंभर नॉट वेगाने आणि दहा अंशांच्या कलाने सुमारे तीन किलोमीटर व्यासाचे वर्तुळ होते आणि ते पूर्ण व्हायला तीन मिनिटे लागतात. एवढ्या मोठ्या वर्तुळात संपूर्ण राजगड मावतो. फेरी घेताना नाक हळूहळू खाली येते, तेव्हा दांड्यावर किंचित मागचा दाब ठेवावा. दक्षिणेला दिसणारे पाणी भाटघरचे.

राजगड आणि तोरणा एका डोंगरधारेने जोडलेले आहेत. पायी जाणाऱ्याला त्या धारेवर दिवस लागतो. आपल्याला अडीच मिनिटे लागतील. धार डावीकडे राहील असे किंचित उत्तरेकडून उडावे, म्हणजे तिचे चढउतार खिडकीतून सलग दिसतात. तोरण्याच्या झुंजार माचीची सोंड ओळखू आली की उजवीकडे उत्तरेला वळावे.

चार मिनिटांनी पानशेतचे धरण येते. त्याच्या शेजारीच वरसगावचे. येथून परतीचा मार्ग मी जाणीवपूर्वक असा आखला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेचे पाणी पुण्यात शिरले. पानशेतपासून खडकवासल्यापर्यंत आणि तिथून शहरापर्यंत आपण त्याच खोऱ्यावरून उडत जातो. माझ्या आईने लहानपणी तो पूर पाहिलेला होता. एका रविवारी ती शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली, खोऱ्याचे ते वळण पडद्यावर आले तेव्हा तिने चष्मा पुसला आणि विचारले, “हे एवढंच अंतर होतं होय रे?” धरणापासून लकडी पुलापर्यंतचा सगळा उतार एका नजरेत येतो तेव्हा तो पूर इतक्या झटपट शहरात कसा आला हे समजायला नकाशा लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना अशा उड्डाणात आवर्जून बरोबर बसवावे. गावाची, तळ्यांची आणि जुन्या वाटांची त्यांच्याजवळ जी माहिती असते ती कोणत्याही भूदृश्याच्या फायलीत नसते.

उतरणे

उतरण्याची तयारी खडकवासल्यावर सुरू होते, विमानतळ दिसल्यावर नव्हे. आपल्याला साडेपाच हजारांवरून तीन हजार फुटांवर यायचे आहे, म्हणजे अडीच हजार फूट कमी करायचे आहेत. मिनिटाला पाचशे फूट या गतीने त्याला पाच मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात आठ-साडेआठ मैल कापले जातात. पुढे बारा मैल शिल्लक आहेत, म्हणून धरण ओलांडल्याबरोबर इंजिनाचे फेरे थोडे कमी करावेत, मिक्स्चर पुन्हा पुढे घ्यावा आणि नाक आपोआप खाली येऊ द्यावे. तीन हजार हा आकडा धावपट्टीच्या उंचीत हजार फूट मिळवून आलेला आहे.

शहर ओलांडताना धावपट्टीच्या थोडे दक्षिणेकडे लक्ष्य धरावे आणि जवळ आल्यावर उजवीकडे वळून १०० अंश धरावेत. आता धावपट्टी डाव्या खिडकीत, आपल्याला समांतर आहे आणि आपण उलट दिशेने चाललो आहोत. वेग नव्वद नॉट असावा. धावपट्टीच्या ज्या टोकावर उतरायचे ते बरोबर बाजूला आले की इंजिन १५०० फेऱ्यांवर आणावे, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली झुकणाऱ्या पट्ट्या) दहा अंश सोडावेत आणि उंची कमी होऊ द्यावी. ते टोक खांद्यामागे, तिरपे दिसू लागले की डावीकडे वळून १० अंश धरावेत, फ्लॅप वीस अंश, वेग पंच्याहत्तर. आणि शेवटचे डावे वळण घेऊन २८० अंशांवर धावपट्टीसमोर यावे, फ्लॅप तीस अंश, वेग पासष्ट. धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची रांग दिसते. दोन लाल आणि दोन पांढरे असतील तर उतार योग्य आहे, चारही लाल असतील तर आपण फार खाली आलो आहोत, चारही पांढरे असतील तर फार वर आहोत. ही रांग मोठ्या विमानांच्या सोयीने बसवलेली असते, परंतु नवशिक्याला तिच्याइतका चांगला गुरू नाही.

शेवटचे दहा सेकंद सर्वांत अवघड असतात आणि त्यांचा उपाय नजरेत आहे. धावपट्टीच्या जवळच्या टोकाकडे पाहत राहिल्यास जमीन अचानक अंगावर येते आणि माणूस दांडा झटक्यात ओढतो. विमान वर उसळते, वेग संपतो आणि ते आपटते. जमिनीपासून वीस फुटांवर असताना नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यावी, थ्रॉटल पूर्ण मागे घ्यावा आणि विमानाला जमिनीला टेकू द्यायचेच नाही अशा बेताने दांडा थोडा थोडा मागे घेत राहावा. ते आपसूक मागच्या दोन चाकांवर बसते. पडद्यावर खोलीचा अंदाज कमी येतो, त्यामुळे हे प्रत्यक्ष विमानापेक्षा काही बाबतीत कठीणही आहे. उतरणे बिघडते आहे असे वाटले तर थ्रॉटल पुढे करून पुन्हा फेरी घ्यावी. त्यात कमीपणा नाही, प्रत्यक्ष वैमानिकही तेच करतात.

विमान उभे केल्यावर एका साध्या वहीत तारीख, मार्ग, वेळ आणि दोन ओळी लिहाव्यात : कुठे वाट चुकली, कोणता गड उशिरा ओळखला, पाणी कुठे दिसले. डोळे शिणले असतील तर त्या दिवशी दुसरे उड्डाण करू नये. पन्नास मिनिटे टक लावून पाहणे हे डोळ्यांना कमी नसते.

पुढचे मार्ग

हा मार्ग तीन-चारदा उडून झाला, होकायंत्राशिवाय नुसत्या खुणांवर जमू लागला, की कोकण किनारा धरावा. जुहूहून निघून अलिबाग, मुरूडचा जंजिरा, हरिहरेश्वर, हर्णैचा सुवर्णदुर्ग असे करत रत्नागिरी सुमारे १२५ मैलांवर येते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच निघून विजयदुर्ग, मालवणचा सिंधुदुर्ग आणि तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात उतरता येते. जिथे थांबलो तिथूनच पुढचे उड्डाण सुरू करण्याचा नियम पाळला तर प्रवासाला प्रवासाची लय येते. या मार्गावर वाट चुकत नाही, समुद्र उजवीकडे असतो. त्यामुळे खाड्या मोजत, हजार-दीड हजार फुटांवरून निवांत उडता येते.

आणि मग एखाद्या १५ ऑक्टोबरला कराची ते मुंबई हा मार्ग घ्यावा. १९३२ साली याच तारखेला जे. आर. डी. टाटा एका पुस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी टाटांनी हाच मार्ग लेपर्ड मॉथमधून पुन्हा उडवला. कराची ते अहमदाबाद सुमारे ३२० मैल आणि अहमदाबाद ते जुहू सुमारे २४० मैल आहे, म्हणजे सेस्नाने दोन बैठकांत पुरे होते. पहिल्या टप्प्यात कच्छच्या रणाचा पांढरा विस्तार येतो, जिथे ओळखीची एकही खूण नसते आणि कागदावरची दिशा व मिनिटे एवढाच आधार उरतो. लोहगावच्या फेऱ्यांत केलेला सराव इथे कामी येतो.

जुहूला पोहोचताना मात्र सावध असावे. मुंबईच्या मोठ्या विमानतळाची मुख्य धावपट्टी आणि जुहूची लांब धावपट्टी एकमेकींच्या जवळ असून जवळजवळ एकाच दिशेच्या आहेत. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये जपान एअरलाइन्सचे एक डीसी-८ विमान मोठ्या विमानतळाऐवजी चुकून जुहूवर उतरले आणि छोट्या धावपट्टीच्या पुढे निघून गेले. आपण उलटी चूक करण्याची शक्यता अधिक असते, कारण दुरून मोठीच पट्टी आधी दिसते. म्हणून उत्तरेकडून येताना किनारा डाव्या हाताला ठेवून समुद्रावरून यावे, जुहूच्या वाळूची पट्टी ओळखावी, आणि ती ओलांडल्याबरोबर जी पहिली, आखूड धावपट्टी समोर येते तिच्यावरच, ८० अंशांवर, विमान टेकवावे.